आवाजाच्या अलीकडे

शिशाची ओतीव गोळी तळहातावर ठेवली, की नवखा माणूस तिचं टोक बघतो आणि मुरलेला ती उलटी करून बूड बघतो. टोकाला बारीकसा पोचा असला, अंगावर एखादी सुरकुती असली, तरी गोळी फारशी वाट सोडत नाही. बुडाची कड मात्र एका बाजूला केसभर जरी बोथट निघाली, तरी ती गोळी परत वितळवायच्या भांड्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन मान नावाच्या डॉक्टरने आयुष्याची कित्येक वर्षं हेच तपासण्यात घालवली. चांगल्या गोळ्या मुद्दाम विद्रूप करायच्या, झाडायच्या, कुठे लागतात ते टिपून ठेवायचं. १९०९ साली त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला. कारण तसं साधं आहे. नळीतून गोळीचा सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा भाग म्हणजे बूड, आणि मागून रेटणारा तापलेला वायू नेमका त्याच क्षणी मोकळा होतो. कड सगळीकडे सारखी असेल तर तो चहूबाजूंनी एकदम सुटतो. एकीकडे खोट असेल तर तिथून आधी निसटतो आणि जाता जाता गोळीला कोपरखळी मारून जातो. मग पुढे कितीही सरळ नळी असल्याचा उपयोग नाही.

ओझरला राहून असल्या मऊ, मंद वस्तूचं कौतुक करावं हे जरा उफराटंच. हे गाव वेगाचं. साठच्या दशकात मिगचा कारखाना आला आणि गावाच्या नावालाच ‘मिग’ चिकटलं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी मिग-२१ इथे बांधली गेली, पुढे सुखोई आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए याच धावपट्टीवरून उडालं. आवाजाची भिंत ओलांडणं म्हणजेच प्रगती, असं इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मला मात्र भुरळ पडली ती त्या भिंतीच्या अलीकडेच राहण्यात ज्या गोळीचा सगळा गुण आहे, तिची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत किंवा युरोपातल्या काही देशांत लोक घरच्या ओट्यावर गोळ्या ओततात, काडतुसं भरतात, तसं आपल्याकडे करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा याबद्दल माझी तक्रार नाही. पण मैफलीला बसणारा प्रत्येक जण गातो कुठे? ही कारागिरी नीट पाहायला, तिच्यातली खाचाखोच ओळखायला हात काळे करावे लागतातच असं नाही.

समजा, समोर .३०३ रायफलसाठी ओतलेली गोळी आहे. नळीच्या आत पिळाने फिरत गेलेल्या खाचा असतात. त्या खाचांच्या तळापर्यंत मोजलं तर व्यास साधारण ७.९ मिलिमीटर भरतो. गोळी त्याहून दोन-तीन शतांश मिलिमीटर जाड हवी. म्हणजे ती नळीत जाते ती अंग चोरूनच. अंगावर दोन-तीन पट्टे, पट्ट्यांच्या मधे खोलगट चर. पट्टे खाचांना धरून गोळीला गरगरा फिरवतात, आणि चरांत मेण भरलेलं असतं. मेण, चरबी, तेल, ज्याचं त्याचं मिश्रण. शिसं आणि पोलाद यांच्यात एक पातळ थर राहावा एवढंच त्याचं काम. (काडतुसाच्या वंगणावरून या देशात १८५७ साली काय रण माजलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चरबी कुणाची, हा प्रश्न तिथे गोळीहून मोठा ठरला.) काही गोळ्यांच्या बुडाला तांब्याची इवलीशी वाटी बसवलेली असते. तापलेल्या वायूचा मारा तिने झेलायचा, म्हणजे शिशाची कड कापली जात नाही. नजर बसली की या वाटीचा तकतकीतपणा मला जरा खटकतोच. ज्या गोळीला ती लागत नाही ती गोळी वरच्या प्रतीची, असा माझा आपला पूर्वग्रह आहे.

ओतण्याची क्रिया पाहायला मिळाली, प्रत्यक्षात नाही तर चित्रफितीत का होईना, तर हातांकडे न बघता पृष्ठभागाकडे बघावं. शिसं ३२७ अंशाला वितळतं, कथील त्याच्याही खूप आधी, २३२ ला. भांड्यातल्या रसावर राखाडी साय धरते. मेणाचा तुकडा टाकून ढवळलं की भपकन ज्योत उठते, कथील पुन्हा रसात मिसळतं आणि मळ वर येतो. साय काढली की खाली आरसा. मग पळीने किंवा तोटीने साच्यात धार सोडायची. साचा दोन पाखांचा, वर सरकती पट्टी, पट्टीला शंकूसारखं भोक. भोक भरून वर थोडं शिसं साठू द्यायचं, कारण खालची गोळी थिजताना आकसते आणि ती तूट वरच्या साठ्यातून भरून निघावी लागते. तो छोटा टिकलीएवढा साठा हा माझ्या लेखी या साऱ्या खेळातला सर्वांत सुंदर क्षण. आधी तो पाण्यासारखा चमकतो. एक-दोन सेकंद काहीच होत नाही. मग मध्यावर बारीक खळगा पडतो, आणि कडेकडून मंदपणा आत सरकत येतो. हा मंदपणा पुरता यायच्या आत पट्टी फिरवली, तर शिसं कापलं न जाता ओरबाडलं जातं आणि बुडाला खड्डा पडतो. उशीर केला तर पट्टी दगडासारखी बसते. या दोन चुकांमधली जागा फार अरुंद आहे, आणि घड्याळ लावून ती सापडत नाही, कारण दर खेपेला साचा थोडा जास्त तापलेला असतो.

साचा गार असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या येतात. पट्ट्यांचे कोपरे भरत नाहीत, गोल राहतात. फार तापला की गोळी पिठूळ, दव धरल्यासारखी निघते. नवखे लोक या पिठूळ गोळ्या फेकून देतात, चकचकीत ठेवतात. जाणकार म्हणतो, चमक राहू दे, कोपरे दाखव. पिठूळ गोळीचे कोपरे बहुधा धारदार असतात. मग तोलणं. ग्रेन हे माप आपल्या गुंजेच्या निम्म्याहून थोडं अधिक. त्या ग्रेनचाही दहावा हिस्सा दाखवणारा काटा लागतो. वजनात जी गोळी हलकी, तिच्या पोटात कुठेतरी पोकळी आहे. वरून ती दिसत नाही, पण दर फेऱ्याला ती गोळीला एका बाजूला ओढणार. सोनं तोलायला न बसलेला माणूस शिसं इतक्या बारकाईने तोलतो हे पाहिलं की मौज वाटते.

धातूची गोष्ट आम्हा मराठी वाचकांच्या फार जवळची आहे, फक्त ती आपण वेगळ्या दारातून ओळखतो. नुसतं शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. ब्रिनेलच्या मापात त्याचा कणखरपणा सुमारे ५. कथील घातलं की रस पातळ वाहतो, साच्याच्या कोनाकोपऱ्यांत शिरतो. अँटिमनी घातलं की अंगात कस येतो. ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी, ४ भाग कथील घेतलं की कणखरपणा २२ च्या आसपास जातो, आणि हे मिश्रण म्हणजे लायनोटाइप यंत्राचा धातू. छापखान्यातला खिळा याच कुळातला. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर सुरू केला. तिथे ओतलेल्या देवनागरी खिळ्यांचं वळण पुढे कितीतरी पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. काना, मात्रा, वेलांटीची शेपटी या बारीक जागा भरायला जे गुण हवेत तेच पट्ट्यांचे कोपरे भरायला हवेत: रस वाहता हवा, थिजताना फार आकसायला नको, थिजल्यावर टोक मोडायला नको. अमेरिकेत ऑफसेट आल्यावर जुन्या छापखान्यांचा हा धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी पोत्यांनी विकत घेतला. वर्तमानपत्राचे अग्रलेख ज्यात ओतले गेले तो धातू शेवटी पुठ्ठ्याच्या लक्ष्यात जाऊन रुतला. अग्रलेखापेक्षा नेमका लागला असेल, असं म्हणायचा मोह होतो.

आता वेगाकडे येऊ. सैन्याची .३०३ काडतुसं तांब्या-निकेलच्या मिश्रधातूच्या कवचातली गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने फेकतात. शिशाची उघडी गोळी त्या वेगाने सोडली तर खाचांना धरून फिरण्याऐवजी ती घसरते, नळीला शिशाची पुटं चढतात, आणि शंभर मीटरवर ती कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. तेव्हा दारू कमी. वेग निम्म्यावर आणला की मारक ताकद चौथाईवर येते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते-उतरते. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच, आवाज आटोक्यात, नळीचं आयुष्य कितीतरी पटीने वाढतं. ताकद गेली, पण पन्नास-शंभर मीटरवर नेम तसाच राहतो. गोळी चांगली असेल तर सुधारतो.

कमी दारू म्हणजे सोपं काम, असं मात्र समजू नये. भरलेल्या पुंगळीत दारूला हलायला जागा नसते. निम्म्याहून रिकाम्या पुंगळीत ती लोळते. रायफल वरून खाली आणली तर दारू बुडाशी, खालून वर आणली तर गोळीपाशी, आणि या दोन्हींत ठिणगी वेगळ्या तऱ्हेने पोचते, वेग वेगळा येतो. म्हणून कुणी कापसासारखा हलका पुंजका घालून दारू जागेवर धरतात, कुणी प्रत्येक बाराआधी रायफल एकाच पद्धतीने उचलतात. त्याहून वाईट म्हणजे चुकून दोनदा भरलेली दारूही अशा पुंगळीत आरामात मावते. भरगच्च काडतुसात ती सांडून चूक उघडी पडली असती. आणि फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. मागून पुढची झाडली की नळी फाटते. हा उद्योग करणारे म्हणूनच ओळीने उभ्या केलेल्या पुंगळ्यांत दिवा धरून वाकून बघतात, एकेकीत. मला या वाकून बघण्यातच त्या माणसाची सगळी पारख दिसते. जिथे जोर कमी, तिथे लक्ष जास्त द्यावं लागतं.

आपल्याकडे कमी ताकदीच्या काडतुसांचा सरकारी इतिहासही आहे, पण तो वाचून मन प्रसन्न होत नाही. ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून .४१० च्या एकबारी बंदुका बनवल्या गेल्या, पोलिसांसाठी, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. पीळ काढला, एका वेळी एकच काडतूस ठेवलं. तिथे बळ कमी करण्यामागे नेमाची आस नव्हती, हाताखालच्या माणसावरचा अविश्वास होता, असं मला वाटतं. उलट इंग्लंडात बोअर युद्धात शिपायांची नेमबाजी उघडी पडली तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. हे रॉबर्ट्स आधी हिंदुस्थानात सरसेनापती होते. घरी एक न्याय, वसाहतीत दुसरा. पुढे जाऊ.

खरं तर ठासणीच्या बंदुकीच्या काळात काडतूस भरणं ही वेगळी कला नव्हतीच. कोकणात अजूनही कुठे कुठे परवान्याची ठासणीची बंदूक भिंतीला दिसते. तिच्यात दारू किती, गोळी की छर्रे, चिंधी किती घट्ट, हे सगळं दर बाराला माणूसच ठरवायचा. सावज बघून हात कमी-जास्त व्हायचा. तयार काडतूस आलं आणि हा निर्णय कारखान्याकडे गेला. आणि दारूच्याही आधी शिशाची ओतीव गोळी होतीच. ग्रीक आणि रोमन गोफणदार बदामाच्या आकाराच्या शिशाच्या गोळ्या ओतत, साच्यातच अक्षरं कोरून ठेवत. काहींवर ग्रीकमध्ये ‘घे, झेल’ अशा अर्थाचा शब्द उमटलेला सापडला आहे. निफाड तालुक्यात ज्वारी-बाजरीच्या दिवसांत माळ्यावरून पाखरं हाकलणारी गोफण ज्याने पाहिली आहे, त्याला त्या गोळीचं इंगित लगेच कळेल. दगड ओबडधोबड, दर वेळी निराळा. साच्यातली गोळी दर वेळी तीच, आणि म्हणून हात सुधारत जातो. सारखेपणाची ही हाव दारूहूनही जुनी.

ती हाव आज कुठवर पोचली आहे ते .२२ च्या काडतुसात दिसतं. १८८७ पासून जवळपास त्याच रूपात चालत आलेलं हे काडतूस. गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, ओतीव नव्हे, शिशाची तार कापून, दाबून घडवलेली. बाहेरून मेणाचा पुसट थर, हाताला किंचित चिकट. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने निघते. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. ही तफावत मुद्दाम ठेवलेली आहे. आवाजाहून वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि कधीतरी त्या सीमेतून मागे येते. सीमा ओलांडताना हवेचे दाब उलटसुलट होतात, गोळी डगमगते. ज्या गोळीला ती सीमा मुळात ओलांडायचीच नाही तिला हा त्रास नाही. जागतिक नेमबाजी संघटनेचे नियमही या स्पर्धांत फक्त शिशाची किंवा तशाच मऊ द्रव्याची गोळी चालू देतात. वेगवान, कवचधारी गोळीला इथे दारच बंद.

पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा सुमारे सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली पडते, आणि वाऱ्याची झुळूक तिला बाजूला ढकलते. सैन्याच्या वेगवान गोळीपेक्षा ती वारा जास्त खाते. हे तिचं उणं मान्य करायलाच हवं. म्हणून नेमबाज लक्ष्याइतकाच वाटेतल्या वाऱ्याच्या फितींकडे बघत असतो. लक्ष्याचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकमध्ये शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावर बसून, मग पालथा पडून, मग उभ्याने नेम धरत होता. पात्रता फेरीत ५९० गुणांनी तो सातव्या क्रमांकाने आत आला होता. अंतिम फेरीत ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण, आणि कांस्यपदक. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. सरासरी काढली तर गोळीमागे १०.२६. मिलिमीटरात सांगायचं तर प्रत्येक गोळी मध्यबिंदूपासून सरासरी पाच-सहा मिलिमीटरच्या आत-बाहेर. जवळपास गोळीच्या स्वतःच्या जाडीएवढी. आणि यातल्या काही गोळ्या उभ्याने झाडलेल्या, जिथे माणसाच्या नाडीचा ठोकादेखील नळीच्या टोकाला दिसतो. कुसाळेची नेमबाजी घडली त्यात नाशिकचा वाटा आहे, क्रीडा प्रबोधिनीच्या दिवसांतला; ते वर्तमानपत्रांत वाचलं तेव्हा ओझरला बसून मला उगाच कॉलर ताठ करावीशी वाटली.

त्याच बातम्यांत त्याच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचंही आलं होतं. ते मला जास्त काळ आठवत राहिलं. महाराष्ट्रात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. ओझरला तर लढाऊ विमान जुळवतात. आणि तरीही या पातळीवरचे आपले नेमबाज ज्या गोळ्या झाडतात त्या एले, आरडब्ल्यूएस, लापुआ असल्या परदेशी डब्यांतून येतात. त्या गोळीत गुपित काही नाही. शिसं तेच, दारू दोन चिमटीभर. आज घडवलेली गोळी काल घडवलेलीसारखीच असणं, एवढंच अवघड आहे, आणि सैन्याच्या गरजेला तेवढा सारखेपणा लागत नाही म्हणून त्याच्यामागे कुणी लागलं नसावं.

तो सारखेपणा त्या परदेशी कारखान्यांनाही पुरता साधलेला नाही, ही यातली खरी गंमत. तोच छाप, तेच यंत्र, तीच किंमत. पण एका लॉटच्या गोळ्या एखाद्या नळीतून एकाच भोकात जातात आणि पुढच्या लॉटच्या पसरतात. कारण विचारलं तर कारखान्यालाही नेमकं सांगता येत नाही. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी रेंजवर जातात. नळी पकडीत घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा दोष मधे यायला नको, आणि लॉटमागून लॉट झाडून बघतात. सगळ्यांत भारी लॉटच जुळेल असंही नसतं; दुसऱ्याच्या रायफलमध्ये नावाजलेला लॉट आपल्या नळीला मानवत नाही. जो मानवतो त्याचा आकडा लिहून घेतात आणि खिसा परवानगी देईल तेवढे डबे तिथेच उचलतात, कारण तो लॉट संपला की परत पकड, परत नळी, परत पहिल्यापासून झाडणं आलं.